पाय वर घ्या

सकाळचे सहा चाळीस. सहकारनगरातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एका आजोबांचं रक्त काढायचं होतं. उपाशीपोटीची साखर, लिपिड, क्रिएटिनिन. म्हणजे करड्या झाकणाची एक ट्यूब आणि लाल झाकणाची एक. टॉर्निकेट बांधला, मूठ आवळायला सांगितली, वेन बोटाला छान लागत होती. सुईचं टोपण काढलं आणि माझा उजवा हात थरथरायला लागला. आजोबांचं लक्ष माझ्या हाताकडेच. "बाळा, सकाळपासून काही खाल्लंस का तू?" त्यांनी विचारलं. मी हसले, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि टोचलं. दोनदा टोचावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने आमच्या लॅबच्या सेंटरला फोन केला, हातावर रुपयाएवढा निळा डाग पडलाय, पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी पाठवा.

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून तेव्हा मला आठ वर्षं झाली होती. तान्ह्या बाळांच्या, केमो चालू असलेल्यांच्या न सापडणाऱ्या शिरा सेंटरमध्ये माझ्याकडेच द्यायचे. ही गोष्ट ऑगस्ट २०२३ ची. त्याआधी महिनाभर छातीत धडधड चालू होती. लक्ष्मीनारायण चौकात सिग्नलला स्कूटी उभी असली की अचानक वाटायचं, आता श्वास संपणार. मागचा रिक्षावाला हॉर्न मारायचा आणि मी स्कूटी ढकलत कडेला न्यायची. पाचसात मिनिटांत सगळं ओसरायचं, पण अंगातलं पाणी कुणीतरी काढून घेतल्यासारखं व्हायचं.

लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला शंका आली की तो काय करतो? स्वतःच्या टेस्ट. स्टाफला निम्म्या दरात होतात. थायरॉइड नॉर्मल, साखर नॉर्मल, हिमोग्लोबिन १०.८ म्हणजे आमच्या वस्तीच्या मानाने उत्तम, व्हिटॅमिन डी थ्री कमी. ते पुण्यात सगळ्यांचंच कमी येतं. ईसीजी नॉर्मल. 'नॉर्मल' असं लिहिलेला कागद मी रोज चाळीस लोकांच्या हातात देते, त्यांचे चेहरे उजळतात. माझा कागद हातात आल्यावर मला बाथरूममध्ये जाऊन रडू आलं, कारण आता सांगायला काहीच उरलं नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी गॅसेस सांगितले, गोळी दिली, वर शक्तीचं सलाईन लावलं. आईने मीठमोहऱ्या आणि सात मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट होतीच, असं शेजारच्या मावशींनी प्रमाणपत्र दिलं. करमाळ्याहून आत्याचा फोन आला की तिकडे एक देवऋषी आहे, गुरुवारी बघतो. आई म्हणाली, गाडीभाडं कोण देतं?

हे सगळं हसण्यावारी लिहिते आहे, पण त्या दिवसांत मला हसू येत नव्हतं. आणि मिरच्या उतरताना आईचा हात डोक्यावरून सात वेळा फिरतो ना, तेवढा वेळ बरं वाटायचं.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पर्वतीच्या पायथ्याला वस्तीत आमची दहा बाय बाराची खोली आहे. वर पत्र्याचा पोटमाळा. आई, मी, भाऊ, आजी. वडील २०२१ मध्ये गेले. आई सहकारनगरात चार घरची धुणंभांडी, झाडूफरशी करते, वीस वर्षं होत आली. मी त्याच भागात घरोघरी जाऊन रक्त काढते. काही घरं दोघींची सारखीच आहेत. तिथे आई स्वयंपाकघराच्या बाजूच्या दाराने जाते आणि मी कंपनीचा टी-शर्ट घालून पुढच्या दाराची बेल वाजवते.

त्यातल्याच एका घरच्या काकू. वय बासष्ट, रिटायर झालेल्या, एकट्या. मुलगा अमेरिकेत, मुलगी बाणेरला. आई त्यांच्याकडे पंधरा वर्षं आहे. आईने माझं सगळं त्यांना सांगितलं, कारण तिचं सांगण्याचं ठिकाण तेच. काकू लगेच म्हणाल्या, "अगं, हे अँग्झायटीचं आहे. आमची मुलगी जाते ना एका मॅडमकडे, तिला केवढा फरक पडलाय. पहिल्या वेळचे पैसे मी देते, तू पाठव तिला."

आई घरी येऊन म्हणाली, "तिथं काय करत्यात?"

मी म्हटलं, "समुपदेशन."

"म्हंजे उपदेश?"

"नाही गं. आपण बोलायचं, त्या ऐकतात."

आईने पिशवीतून काकूंनी दिलेली उरलेली भाजी काढून ठेवली आणि विचारलं, "किती घेत्यात?"

एका वेळचे अठराशे. आईला त्या घरचे महिन्याला अडीच हजार मिळतात. म्हणजे पन्नास मिनिटांचे पैसे तिच्या तिथल्या बावीस दिवसांच्या कामाएवढे. हिशेब तिनेच केला, बोटांवर, मला सांगायची वेळ आली नाही. मग म्हणाली, "काकू मला पंध्रा वर्षं सांगत्यात त्येंचं. भांडी घासता घासता ऐकते मी. हात चालू, कान चालू." आणि पदर तोंडाला लावून हसली.

मॅडमचं क्लिनिक एका शांत गल्लीतल्या बंगल्यात तळमजल्याला होतं. बाहेर चपलांचं कपाट. मी माझे फ्लोटर्स कपाटात न ठेवता कडेला ठेवले, का ते माहीत नाही. आत मनी प्लांट, टिश्यूचा डबा, कसलातरी लिंबाच्या गवतासारखा वास, आणि घड्याळ अशा जागी की ते फक्त मॅडमना दिसावं. फॉर्म इंग्रजीत होता. मला इंग्रजी वाचता येतं, रिपोर्ट सगळे इंग्रजीतच असतात. पण 'येण्याचं कारण' या रकान्यापुढे मी पाच मिनिटं पेन धरून बसले. शेवटी लिहिलं, 'पाल्पिटेशन', म्हणजे धडधड. लॅबचा शब्द. तोच एक सुरक्षित वाटला.

मॅडम चांगल्या होत्या. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून त्यांच्याबद्दल गैरसमज नको. धडधड होते तेव्हा शरीरात काय चाललेलं असतं, हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं. समोर वाघ नसताना शरीर वाघ आल्यासारखं वागतं, श्वास भराभरा घेतल्याने हातापायाला मुंग्या येतात, आणि त्यामुळे माणूस आणखी घाबरतो. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, हे शिकवलं. ते मी आजही करते. सिग्नलवर तर हमखास.

त्यांनी मला पहिल्या वाक्यापासून 'अगं तू' म्हटलं. प्रेमानेच. माझ्या आधी आतून एक माझ्याच वयाची मुलगी बाहेर आली होती, लॅपटॉपची बॅग लावलेली. तिला दारातून निरोप देताना मात्र त्या 'तुम्ही पुढच्या बुधवारी या' म्हणाल्या होत्या. कदाचित ती नवीन असेल. मी काकूंकडून आलेली, घरचीच. असं मी स्वतःला समजावलं, पण कानाने ऐकलं ते ऐकलंच.

पहिल्या वेळी गृहपाठ मिळाला. रोज वीस मिनिटं एकटीने बसायचं, दार लावून, आणि जे मनात येईल ते वहीत लिहायचं. मी मान डोलावली. दार लावून! आमच्या खोलीचं दार दिवसा लावलं तर शेजारचे विचारायला येतात, कुणी गेलं का म्हणून. वही कुठे ठेवणार? भावाच्या हाती लागली असती. एकटी मी फक्त संडासात असते, आणि तिथे बाहेर रांग असते.

शेवटी जागा सापडली ती सेंटरमध्ये. मागे एक छोटी खोली आहे, फ्रिज आणि सेंट्रीफ्यूज, म्हणजे ट्यूब गरगर फिरवायचं मशीन, ठेवायची. लाल झाकणाची ट्यूब आधी अर्धा तास स्वस्थ उभी ठेवावी लागते, रक्त गोठू द्यावं लागतं, घाई केली तर सिरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, नीट सुटत नाही. मग मशीनमध्ये समोरासमोर समान वजनाच्या ट्यूब लावून तीन हजारच्या वेगाने दहा मिनिटं. मशीन फिरत असताना त्या खोलीत कुणी येत नाही, आवाज कटकटीचा असतो. मी स्टुलावर बसायची आणि रिकाम्या टीआरएफ फॉर्मच्या, म्हणजे टेस्टच्या मागणीच्या फॉर्मच्या, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायची. मशीन थांबलं की बीप वाजायची. कागद फाडून बायोमेडिकल वेस्टच्या पिवळ्या पिशवीत टाकायची. ती पिशवी जाळायला जाते, म्हणजे कुणी वाचायचा प्रश्न नाही. दिवसातून दोन फेऱ्या, वीस मिनिटं भरली. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांना फार आवडलं. "किती क्रिएटिव्ह आहेस तू," म्हणाल्या.

पैशांचं. पहिल्या वेळचे काकूंनी परस्पर भरले. दुसऱ्या वेळी मी मॅडमना विचारलं, थोडं कमी होईल का? त्या म्हणाल्या, हो, आमच्याकडे स्लायडिंग स्केल असतं. म्हणजे ज्याची जेवढी कमाई तशी फी. तशी पद्धत बरेच समुपदेशक ठेवतात, पण पाटीवर ती लिहिलेली नसते, मागावी लागते. आणि मागण्यासाठी आधी ती असते हे माहीत असावं लागतं. मी मोबाइलवर पगाराची स्लिप दाखवली. त्यांनी नको नको म्हटलं, पण पाहिली. आठशे ठरले. माझा पगार बावीस हजार तीनशे, सुट्ट्या वजा करून दिवसाला साडेआठशे पडतात. म्हणजे पन्नास मिनिटं बोलायला एक अख्खा दिवस रक्त काढायचं.

बावीस हजारांचीही एक गंमत आहे. आधी माझा पगार एकोणीस होता तेव्हा एसिक, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापलं जायचं. एसिकची मर्यादा तेव्हा २१,००० होती. पगार वाढला, मी ऑफिसात पेढे वाटले आणि काही महिन्यांनी कार्ड बंद झालं. त्याऐवजी कंपनीने ग्रुप पॉलिसी दिली. मी एचआरला फोन करून विचारलं, समुपदेशनाचे पैसे मिळतील का? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहिलंय की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं. एचआरवाली म्हणाली, "हो, पण चोवीस तास ॲडमिट असायला हवं." म्हणजे डोकं फिरून भरती झाले तर पैसे मिळणार, भरती व्हायला लागू नये म्हणून बोलायला गेले तर नाही. तिचं बरोबर होतं. तापाचं, खोकल्याचंही तसंच असतं. आजार सारखेच धरलेत.

तर तिसरी वेळ. मी बाहेर पडते आहे आणि समोरून काकूंची मुलगी आत येते आहे. बाणेरची. "अगं, तू इथे? आई म्हणाली होती खरी," आणि ती गोड हसली. मीही हसले. दोघींनी एकदमच आपापले मोबाइल काढले. चपला घालताना माझ्या लक्षात आलं की माझा श्वास छातीत अडकलाय, आणि चारसहा करूनही तो सुटत नव्हता.

त्या आठवड्यात काकूंनी आईला विचारलं, "काय म्हणाली गं मॅडम तुझ्या मुलीला?" मॅडमनी काकूंना एक अक्षर सांगितलेलं नसणार, याची मला खात्री आहे. काकूंनी काळजीनेच विचारलं होतं. त्यांचे अठराशे गेले होते, त्यांना विचारायचा हक्क वाटला असेल तर त्यात काय चूक?

पण जुलैमध्ये एक गोष्ट घडली होती. धडधड तिच्यानंतर सुरू झाली. तीनही वेळा ती माझ्या ओठांवर आली आणि मी गिळली, कारण ती ज्या घरात घडली होती त्या घरानेच मला त्या खुर्चीत बसवलं होतं. मॅडम विचारत होत्या, "घरी, कामावर, असं काही घडलं होतं का?" आणि मी सांगत होते, नाही, विशेष काही नाही. तीन वेळा मी पैसे देऊन खोटं बोलून आले. चौथ्या वेळी मेसेज केला, ड्यूटी बदलली आहे, सध्या जमणार नाही. त्यांचा निरोप आला, "नक्की कळव, दार उघडं आहे." दार उघडंच होतं, ते खरं आहे.

नोव्हेंबरमध्ये दिवाळीनंतर एका रात्री फार झालं. दीड वाजता उठून बाहेर आले, सार्वजनिक नळापाशी पायरीवर बसले आणि १४४१६ लावला. टेलिमानस. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली फुकट हेल्पलाइन. तिचं पोस्टर आमच्या सेंटरच्या भिंतीवर, साखरेच्या पॅकेजच्या जाहिरातीशेजारी आहे, म्हणून नंबर पाठ होता. पलीकडे एक बाई मराठीत बोलल्या. आधी विचारलं, आत्ता तुम्ही सुरक्षित जागी आहात ना? मी नळाकडे बघून हो म्हटलं. वीसेक मिनिटं बोलले, कुजबुजत. ती रात्र निघाली. त्यांनीच सांगितलं की जवळच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात दाखवा, घाबरू नका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं होतं की अमक्याची पोरगी रात्री दीडला नळावर फोनवर बोलते. आजीने विचारलं, "कोन हाय त्यो?"

सरकारी रुग्णालय कुठलं ते लिहीत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झालेत, त्यामुळे केसपेपरला काही पडलं नाही. पडली ती रजा. मनोविकारची ओपीडी ठरावीक वारी, सकाळी नऊ ते साडेबारा, आणि माझी होम कलेक्शनची वेळ साडेसहा ते साडेदहा. बाकावर बसलेले लोक एकमेकांकडे बघत नव्हते. बाकी विभागांच्या रांगेत 'तुम्हाला काय होतंय, आमचं तर असं' चालतं, इथे नाही. एका बाईंनी मला ओळखलं, त्यांच्या घरी मी महिन्यातून एकदा जाते. त्यांनी मान फिरवली, मग मीही फिरवली. आम्ही दोघींनी एकमेकींवर केलेले हे उपकार.

डॉक्टर तरुण होते, दमलेले. माझ्या आधी चाळीस तरी जण झाले असतील. चार मिनिटं. झोप? भूक? जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का? घरात कुणाला असा त्रास? "घाबरू नकोस, बरी होशील." दोन गोळ्या. एक रोजची, एक फक्त दहा दिवस झोपेपुरती. मी विचारलं, "सर, बोलायला कुणी मिळेल का इथे?" त्यांनी पेन थांबवलं, वर पाहिलं. "आहेत ना मॅडम. पण आज दिव्यांग प्रमाणपत्राचा दिवस आहे, त्या आयक्यू टेस्ट घेताहेत. पुढच्या आठवड्यात ये." पुढच्या आठवड्यातही तेच होतं. बाहेर मुलांना कडेवर घेतलेल्या आया बसल्या होत्या, लांबलांबच्या गावांहून आलेल्या. त्यांना बाजूला सारून माझं ऐका म्हणायला माझीच जीभ रेटली नाही.

गोळ्यांनी फरक पडला. पहिले दहा-बारा दिवस मळमळ, मग हळूहळू धडधड मागे सरली. हात स्थिर झाला. गोळ्यांबद्दल जे नाक मुरडतात त्यांना मी एवढंच सांगते की माझ्या हातात सुई असते.

याच सुमारास मी मोबाइलवर तो २०१७ चा कायदा वाचून काढला. कलम १८. मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क. लिंग, धर्म, संस्कृती, जात अशा कुठल्याही कारणाने भेदभाव न करता सेवा मिळायला हवी, अशी यादी आहे, आणि त्या यादीत 'वर्ग' हाही शब्द आहे. मी दोनदा वाचलं. दारिद्र्यरेषेखालच्यांना सरकारी सेवा मोफत, असंही आहे. आमचं रेशनकार्ड केशरी. म्हणजे आम्ही गरीबही नाही. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली होती, त्यात नैराश्य-चिंता यांसारख्या त्रासात शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असं निघालं. पाहणी बारा राज्यांत झाली, त्यात महाराष्ट्र नव्हता. आमची मोजणी त्या पंच्याऐंशीतही नाही, हे वाचून का कुणास ठाऊक, मला एकटीलाच हसू आलं.

बोलायला माणूस मिळालं ते डिसेंबरमध्ये, आणि योगायोगाने. सेंटरला एक मुलगी स्वतःचं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायला आली होती, मानसशास्त्रात एमए करणारी. तिने सांगितलं, कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सराव म्हणून लोकांना वेळ द्यावा लागतो, शिक्षकांच्या देखरेखीखाली, फी नाही. शनिवारी चार वाजता. माझी शनिवारी दुपारी सुटी असते. तिच्याच वर्गातली दुसरी एक मुलगी मला मिळाली.

कॉलेजचा तिसरा मजला, वर्गातली मागची दोन बाकं समोरासमोर केलेली, पंखा खटखट वाजणारा. भिंतीवर कुणीतरी करकटकाने नाव कोरलेलं. मुलगी तेवीस वर्षांची, परभणीकडची. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि माझ्याहून घाबरलेली. तिने एक कागद वाचून दाखवला: तुम्ही सांगाल ते माझ्याकडेच राहील, फक्त माझ्या सरांशी मी नाव न घेता चर्चा करेन, चालेल का? कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मात्र सांगावं लागेल. सही करा. मला तो कागद फार आवडला. मराठीत होता.

"ताई, तुम्ही इथे कशासाठी आलात?" तिने विचारलं. 'तुम्ही' म्हणाली, शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणाली. मी तिला सांगितलं की मला कुणी पाठवलेलं नाही, मी माझी आलेय. तिने ते लिहून घेतलं. खरं तर ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

जुलैची गोष्ट मी तिला तिसऱ्या शनिवारी सांगितली.

काकूंनी थायरॉइडसाठी होम कलेक्शन बुक केलं होतं. यादीत पत्ता बघूनच मला कळलं. सकाळी सातला बेल वाजवली, दार काकूंनी उघडलं. "अगं, तू! ये ये, बस." सोफ्यावर बसवलं. रक्त घेतलं, लेबल लावलं, ट्यूब बॅगेत ठेवली. काकू म्हणाल्या, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. चहा आला तो बशीसकट, निळी फुलं असलेल्या कपात. आई आतल्या खोलीत फरशी पुसत होती. मला माहीत होतं ती तिथे आहे, तिलाही माहीत होतं मी आलेय. आईचा कप स्वयंपाकघराच्या खिडकीत, जाळीला टेकवून, उपडा ठेवलेला मला सोफ्यावरून दिसत होता. स्टीलचा, वेगळा. पंधरा वर्षं तो तिथेच असतो.

मग आई फरशी पुसत पुसत हॉलमध्ये आली. उकिडवी, मागे मागे सरकत. सोफ्याजवळ आली. मान वर न करता, फडकं पिळता पिळता म्हणाली, "पाय वर घ्या."

"आणि तुम्ही?" मुलीने विचारलं.

"घेतले."

तिचं पेन थांबलं होतं. पंखा खटखट करत होता. माझ्या आईने मला जन्मात कधी 'घ्या' म्हटलेलं नाही. घे, ऊठ, मर, हेच. त्या सोफ्यावर जो बसेल त्याला ती 'घ्या' म्हणते, सवयीने. मान वर केली नाही म्हणून तिला कळलंही नसेल कोण बसलंय. किंवा कळलं असेल. मी कपबशी हातात धरून दोन्ही पाय उचलले, खालून फडकं गेलं, आणि मी पाय खाली ठेवले. फरशी ओली होती. मी चहा संपवला.

मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग परभणीच्या बोलीवर गेली, "ताई, तुम्ही हे सांगायलात न्, मला माझी आई दिसायली." आणि चटकन सावरून म्हणाली, सॉरी, मी माझं बोलायला नको होतं. तिच्या सरांनी तिला त्यावरून बोलणी दिली असतील. मला मात्र त्या वाक्यानंतर पहिल्यांदा पोटभर श्वास आला. नियम काय असायचा तो असो.

पुढच्या शनिवारी तिने विचारलं, हे आईला सांगावंसं वाटतं का? मी म्हटलं, वेड लागलंय का. त्यावर आम्ही दोघीही हसलो, कारण वेड लागलं नाही हे ठरवण्यासाठीच तर मी तिथे बसले होते.

एकूण नऊ शनिवार झाले. मार्चमध्ये तिची परीक्षा आली, तिचं वर्ष संपलं आणि आमचं बोलणंही. शेवटच्या दिवशी तिने कमी फीच्या दोन ठिकाणांचा पत्ता लिहून दिला. एक माझ्या ड्यूटीच्या वेळेत उघडं असतं, दुसरीकडे नाव नोंदवून ठेवलंय. गोळी आता डॉक्टर हळूहळू कमी करताहेत. काकूंकडे होम कलेक्शन असलं की मी यादी दुसऱ्या मुलाला देते, कारण विचारलं तर सांगते की स्कूटीत पेट्रोल कमी आहे.

आणि आईला सांगितलं. एका रविवारी दुपारी, भाऊ बाहेर, आजी झोपलेली. आई लसूण सोलत होती. मी सगळं सांगितलं, सोफा, कपबशी, घ्या.

"मी तुला आवोजावो केलं?" आई म्हणाली. "काय बी. मला न्हाई आठवत."

"केलंस."

"आसंल." तिने दोन पाकळ्या सोलल्या. "मंग यवढ्यासाठी दवाखानं केलंस?"

मला तिथेच थांबायचं होतं, पण राहवलं नाही. म्हटलं, "आणि तो तुझा कप. पंधरा वर्षं वेगळा ठेवलाय त्यांनी."

आई खळखळून हसली. आजी जागी झाली.

"आगं त्यो माझाच हाय. मीच नेला हितनं. त्येंच्या कपात दोन घोट येत्यात, ते काय चहा म्हनायचा?"

मी जरा वेळ बघत राहिले. मग विचारलं, "बरं. तूच नेलास. मग तो त्यांच्या कपांबरोबर मांडणीत का नसतो? खिडकीत उपडा कशाला असतो?"

आईने लसणाची सालं ताटलीतून फुंकून बाजूला केली.

"वाळाया," ती म्हणाली.